मॅडम आत आहेत का

निगडीहून सकाळी कंपनीची बस सुटे तेव्हा ती निम्मीशिम्मी रिकामी असे. भोसरीत ती गच्च भरे, आणि मोशीच्या सिग्नलला ब्रेक लागला की दांडीला धरून उभी असलेली माणसे एकमेकांवर कलंडत. तरीही डावीकडच्या चौथ्या बाकावर, खिडकीशी बसलेल्या सुमेधाच्या शेजारची जागा मोकळीच राही. कोणी तसे ठरवलेले नव्हते. सुमेधा कंपनीची समुपदेशक होती. तिच्याशेजारी बसलेला माणूस म्हणजे काहीतरी बिनसलेला माणूस, हे समीकरण बसमध्ये केव्हाच पक्के झाले होते. घरी भांडण, दारू, नाहीतर डोक्यात काहीतरी, तीनपैकी एक. चाकणला गेटातून आत शिरेपर्यंत ती बातमी मशीनशॉपमध्ये पोचलेली असे. त्यापेक्षा उभे राहिलेले बरे.

सुमेधाला याचे आधी हसू यायचे. मग वाईट वाटू लागले. अलीकडे ती आपली पर्स त्या जागेवर ठेवू लागली होती, म्हणजे जागा निदान कशाने तरी भरलेली दिसावी.

एम.ए.ला असताना तिच्या प्राध्यापिका सांगायच्या की समुपदेशक कोणाच्याच बाजूचा नसतो. तो समोरच्या माणसाला स्वतःचे म्हणणे स्वतःला ऐकू येईल एवढी शांतता देतो. निगडीच्या शाळेत अकरा वर्षे तिने ते काम केले. दहावीची मुले, त्यांचे आईबाप, मार्क, रडणे. तिथून ती चाकणच्या या कारखान्यात आली. इंजिनाचे सुटे भाग बनवणारी कंपनी, दोन-अडीच हजार माणसे. प्रथमोपचार कक्षाला लागून तिला खोली मिळाली. दारावर पाटी होती ‘समुपदेशन कक्ष’. दोन वर्षांनी तिथे ‘एम्प्लॉयी असिस्टन्स’ आले, आणि यंदा दिवाळीच्या आधी एका माणसाने शिडीवर चढून ‘वेलबीइंग हब’ अशी हिरवी अक्षरे डकवली. त्याच महिन्यात मोबाइलवर एक ॲपही आले. त्यात रोज सकाळी आपला मूड कसा आहे त्याचे चित्र दाबायचे. माणसे बसमध्येच ते दाबून टाकत. सगळेजण हसरे तोंड दाबत, कारण ते सगळ्यांत पहिले होते.

तिच्या शेजारची जागा न घाबरता घेणारा एकच होता. गणराज.

तो भोसरी गावातला, जुन्या घरातला. वडिलोपार्जित जमीन एमआयडीसीत गेली, उरलेली चुलत्यांत वाटून संपली. त्याच्या वाट्याला दोन खोल्या आल्या. घराण्यात कंपनीत नोकरीला लागलेला तो पहिला. डिझेल इंजिनाचे भाग घासणाऱ्या लाइनवर तो सहा वर्षे कंत्राटावर होता आणि परमनंट होण्याच्या वाटेवर आहे असे सगळे समजत. त्याची बायको पूनम, तिच्या माहेरचे तर पक्केच समजत. त्याच आधारावर लग्न जमले होते.

गेल्या वर्षी वडील वारल्यापासून त्याला मधूनच धाप लागू लागली. मशीनपुढे उभा असताना छातीत धडधडे, हाताला घाम सुटे, आणि आता आपण मरणार असे वाटे. ईसीजी स्वच्छ आला. मग एक दिवस, भोसरीला चढल्यावर, त्याने सुमेधाची पर्स उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि तो खाली बसला.

“मॅडम, तुमी डोक्याचं बघता ना? आमचं जरा बघा.”

मागून रंगराव ओरडला, “गणप्या, भावा, आधी डोकं हाय का ते तपासून घे. नसलं तर मॅडमचा टाइम कशाला खायलास?”

रंगराव बीडकडचा, पन्नाशीला आलेला, त्याच लाइनवरचा कंत्राटी कामगार. अख्खी बस हसली. गणराजही हसला आणि मागे वळून म्हणाला, “तुझंच घेऊन आलोय दाखवायला, राव. गंजलंय म्हणं.”

त्यानंतर तो तिच्या खोलीत येऊ लागला. श्वास कसा घ्यायचा हे शिकला. धाप लागली तरी माणूस मरत नाही, ती येते आणि उतरते, हे त्याला अंगाने कळायला तीन-चार महिने गेले. या सगळ्याची पूनमला कल्पना नव्हती. “ती घाबरंल. आन् तिच्या आईला सांगंल. मग झालंच,” तो म्हणे. सुमेधाने कधी आग्रह केला नाही.

तिलाही घरी काही सांगता येत नसे. नंदकिशोर बँकेतून यायचा, दोघे जेवायला बसायची, आणि तो ताटात बघत म्हणायचा, “तुझ्या पोटात चाकणभरच्या गोष्टी, आणि माझ्या वाट्याला काय? तर आज गवार कोवळी मिळाली.” तो चेष्टेने म्हणे, आणि त्यात तक्रार नव्हती. पण वीस वर्षांत त्या दोघांमध्ये तिच्या कामाएवढी एक न बोललेली जागा तयार झाली होती, आणि तिच्या कडेकडेने चालायची दोघांनाही सवय झाली होती.

गेल्या वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. असेम्ब्लीच्या काही मुलांचे कंत्राट पुढे चालू झाले नाही. त्यांना गेटवरच सांगितले गेले. त्यांतला एक मुलगा हेल्मेट तसेच डोक्यावर ठेवून गेटाशेजारी कठड्यावर बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही. काच खाली ओढलेली. आत तो रडतो आहे की नुसता बसला आहे, कळत नव्हते. सुमेधा जाऊन त्याच्याशेजारी बसली. त्याने काही सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी ती एचआरच्या प्रमुख निवेदिताकडे गेली आणि म्हणाली, “असं गेटवर सांगू नका. आत बोलवा, बसवा. आणि त्या वेळी त्यांच्याजवळ कोणीतरी असू दे.”

निवेदिता तिच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान होती, मनाने वाईट नव्हती. तिने लगेच ऐकले. तेव्हापासून कोणाला कमी करायचे असले की त्याला ट्रेनिंग रूममध्ये बोलावत. टेबलावर पाण्याची बाटली असे, आणि तिथे तिसरी खुर्ची सुमेधाची असे. पहिल्या वेळी तिला बरे वाटले. एका माणसाने तिचा हात धरून ठेवला होता. पण सहा महिन्यांत माणसांनी हिशेब मांडला. ट्रेनिंग रूममध्ये बोलावणे तर दहा कारणांनी येई: नवे मशीन, सेफ्टी, बदली. मॅडम मात्र एकाच कारणासाठी तिथे असत. मग बोलावणे आले की माणसे आधी दारापाशी उभ्या असलेल्या शिपायाला विचारू लागली, “मॅडम आत आहेत का?” नसतील तर हसत आत जात. असतील तर काहीजण दारातूनच घरी फोन लावत. मशीनशॉपमधून ती चालू लागली की बोलणी थांबत. तिच्या खोलीत येणारी माणसे एकेक करून यायची बंद झाली. गणराज तेवढा उरला.

त्या सोमवारी निवेदिताने तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतले.

“डिझेलची लाइन बंद होतेय. जुनी ऑर्डर संपली, नवी नाही. परमनंट लोकांना दुसरीकडे सामावून घेऊ. कंत्राटावरच्यांना गुरुवारी सांगायचं. तोपर्यंत बाहेर जायला नको.”

“गणराज?”

“त्या लाइनवरचे कंत्राटी सगळेच.” निवेदिताने समोरची फाइल मिटली. “तुम्ही गुरुवारी सकाळपासून माझ्याबरोबर बसा. आणि वरून नवीन पदनाम आलंय तुमच्यासाठी. वेलबीइंग अँड ट्रांझिशन पार्टनर. पगारातही फरक पडेल.”

“ट्रांझिशन म्हणजे माणसं काढणं का?”

“सुमेधाताई, तुम्ही फार शब्द धरता.”

सुमेधाने दोन दिवस विचार केला. गणराजच्या डोळ्यांसमोर आपण त्या टेबलापाशी बसायचे, त्याचा श्वास वाढला की त्याला आपणच शिकवलेला उपाय आपणच करायला सांगायचा, आणि त्याने शांत होऊन सही करायची. हे तिला जमण्यासारखे नव्हते. आपण माणसाला त्याच्यासाठी शांत करतो की कंपनीसाठी, हा प्रश्न तिने इतके महिने पुढे ढकलला होता. बुधवारी सकाळी निघण्यापूर्वीच तिने निवेदिताला फोन केला.

“मी उद्या बसणार नाही. माझ्या खोलीत असेन, दार उघडं ठेवून. ज्याला यायचं तो येईल.”

“ही कल्पना तुमचीच होती, ताई.”

“हो, माझीच होती.”

“मग वरच्यांनी मला विचारलं की यांची गरज काय, तर मी काय सांगू? ॲप तर आहेच.” निवेदिताच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मला एकटीला करायला लावताय तुम्ही हे.”

सुमेधाला ते लागले, कारण ते खरे होते. पण फोन ठेवल्यावर तिला बऱ्याच दिवसांनी पाठ सरळ झाल्यासारखी वाटली.

भोसरीला गणराज चढला आणि शेजारी बसला. बस इंद्रायणीचा पूल ओलांडून गेली. मग तो मान न वळवता, हळू आवाजात म्हणाला, “उद्या आमच्या लाइनला बोलावलंय म्हणं. ट्रेनिंग रूमला.”

“मला त्याबद्दल बोलता येत नाही, गणराज.”

“व्हय, ते म्हाईत हाय. इचारत न्हाईच ते.” त्याने ओठ ओले केले. “मॅडम, तुमी असणार का आत?”

सुमेधाने त्याच्याकडे पाहिले. या एका गोष्टीचे उत्तर ती सरळ देऊ शकत होती, आणि ते द्यायला तिला आवडणार होते. आपण त्या टेबलापाशी नसू, काढणाऱ्यांतले एक नसू, हे त्याला आधीच कळलेले बरे.

“नाही,” ती म्हणाली. “मी आत नसेन. माझ्या खोलीत असेन.”

तो एकदम वळला. क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग त्याचे डोळे भरून आले.

“समजलो, मॅडम. कुणाला बोलत न्हाई मी.”

त्याला आपले मन कळले, असे सुमेधाला वाटले. इतक्या दिवसांनी आपल्याला कोणीतरी समजून घेतले होते. चाकण येईपर्यंत दोघे शेजारी शेजारी गप्प बसून राहिले, आणि ते गप्प बसणे तिला फार दिवसांनी मिळालेल्या सोबतीसारखे वाटले.

गुरुवारी ती खोलीचे दार उघडे टाकून बसली. तिथून कॉरिडॉर सरळ दिसे आणि त्याच्या टोकाला ट्रेनिंग रूम. बाहेरच्या बाकावर लाइनवरची माणसे येऊन बसू लागली. ती गंभीर असतील असे तिने धरले होते. पण ती बोलत होती, एकमेकांना टपल्या मारत होती. रंगराव काहीतरी सांगत होता आणि बाकीचे खिदळत होते. भीती अशीही बाहेर पडते, तिने मनाशी म्हटले. पुस्तकात हे होते.

गणराजचे नाव पुकारले. तो उठला, शर्ट खोचला, आणि आत जाण्यापूर्वी कॉरिडॉरमधून लांबवर बसलेल्या तिच्याकडे बघून त्याने अंगठा वर केला. काय धीराचा झाला हा, असे तिच्या मनात आले. तिनेही हात वर केला.

तो बाहेर आला तेव्हा बाकावरच्यांशी काही बोलला नाही. त्यांनी विचारले ते त्याला ऐकू आले नसावे. तो सरळ तिच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला. त्याचा श्वास वाढलेला होता, पण त्या श्वासाकडे त्याचे लक्ष नव्हते.

“तुमी न्हाई म्हणालात.”

“काय?”

“काल. बसमधी. मी इचारलं तुमी आत असणार का, तर तुमी न्हाई म्हणालात.”

“हो. मी नव्हतेच ना.”

“म्हंजी आमी वाचलो असंच झालं ना मग!” त्याचा आवाज फुटला. “मला वाटलं, बोलता येत न्हाई म्हणून मॅडमनी असं सांगितलं. रात्री पूनमला सांगितलं, काळजी न्हाई, बदली असंल. तिनं आईला फोन केला. सकाळी ह्या सगळ्यांना सांगितलं. कुणाला बोलणार न्हाई म्हणलो होतो, पर राहवलं न्हाई. आन् मी आत गेलो ते हसत गेलो, मॅडम. त्या निवेदिता मॅडमनी कागद पुढं केला तर मी इचारलं, कुठला प्लांट? त्या बघतच राहिल्या.”

सुमेधाने खुर्ची पुढे ओढली. तो बसला नाही, मग बसला. आपण का नकार दिला, काय विचार केला, हे सगळे तिच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. ते त्याला सांगून आता फक्त तिलाच बरे वाटले असते.

“मी तसं सांगत नव्हते,” ती एवढेच म्हणाली. “पण तुला तसंच वाटणार होतं. हे मला कळायला हवं होतं.”

तो दोन्ही हातांनी गुडघे धरून बसला होता. ती वाट बघत राहिली. श्वास चढला, तिथे थोडा वेळ राहिला, आणि उतरू लागला.

“गणराज, सरळ विचारते. जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतंय का?”

“न्हाई.” मग पुन्हा, जरा चिडून, “न्हाई ओ. लाज वाटतीय नुसती. हसत गेलो म्हणून. नोकरीचं नंतर कळंल.”

“पूनमला फोन लावतोस? मी थांबते बाहेर.”

“हितंच थांबा.”

त्याने फोन लावला. पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. तो म्हणाला, “पूनम, ऐक. बदली न्हाई. काढलंय.” मग बराच वेळ तो ऐकत होता. मग म्हणाला, “न्हाई, डोकं ठिकाणावर हाय. मॅडमपाशी बसलोय. हां, कंपनीतल्या. त्याच. ते बी सांगतो तुला घरी आल्यावर.” त्याने फोन खिशात घातला.

कॉरिडॉरमधून पुन्हा हसणे ऐकू आले. रंगरावचा आवाज सगळ्यांत मोठा.

गणराजने दाराकडे मान वळवली. “अजून बसल्यात. मला काय झालं ते कळलं न्हाई त्यांना. मी बोललोच न्हाई. तोंडच उघडंना.” तो तिच्याकडे वळला. “तुमी जा तिकडं.”

“आत्ता? तुला असा सोडून?”

“मला काय होतंय? मी काय पळून चाललो का? ती हसत आत जातील, मॅडम. माझ्यागत. तुमी दिसलात म्हंजी त्यांना कळंल.”

सुमेधा बसून राहिली. ट्रेनिंग रूममध्ये ती गेली की निवेदिताच्या टेबलापाशी गेली, असेच सगळे धरणार. कालचा नकार, फोनवरचे ते सरळ बोलणे, त्यातले काहीही कोणाला कळणार नव्हते. माणसांच्या लेखी ती आता कायमची तीच होणार होती: जिला पाहिले की काय ते समजायचे. पुढे या दारातून कोणी येईल का, हेही तिला माहीत नव्हते. वीस वर्षांपूर्वी शिकलेल्या कोणत्याही वाक्यात या कामाला जागा नव्हती.

“पाणी पी,” ती गणराजला म्हणाली. “मी येईपर्यंत जाऊ नकोस.”

“बसतो.”

ती कॉरिडॉरमध्ये आली. खोलीपासून बाकापर्यंतचे अंतर फार नव्हते, पण तिला ते हळू चालावे लागले; सगळ्यांना दिसावे एवढे हळू. सर्वांत आधी भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका तरुण मुलाने तिला पाहिले. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसले. हसणे मध्येच तुटले. कोणीतरी “अरे, मॅडम” म्हणाले. एकाने मोबाइल काढला आणि तो कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. एकजण नुसता आपल्या बुटांकडे बघू लागला. चेहरे एकेक करून बदलत गेले, आणि तिने त्यांतल्या कोणावरूनही नजर हटवली नाही. तेवढे तरी तिला करता येत होते.

आतून रंगरावचे नाव पुकारले गेले. तो उठला नाही. तिच्याकडे बघत राहिला.

“मॅडम, तुम्ही आत चाललाव?”

“हो, रंगराव.”

त्याने मान डोलावली. थोडा वेळ गुडघ्यांवर हात ठेवून बसला, मग सावकाश उठला आणि डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली.

“बरं झालं आलाव,” तो म्हणाला. त्या बोलण्यात राग नव्हता, आभारही नव्हते. “कळलं तरी.”

मग त्याने ट्रेनिंग रूमचे दार ढकलले, आणि ती आधी आत जावी म्हणून तो ते धरून उभा राहिला.